बाबागाडी कोणती घ्यावी? (जुळे सोलापूर, तिसरा मजला, लिफ्ट नाही)

छबीची_आई:

नमस्कार मंडळी. मुलगी सात आठवड्यांची झाली. बारशात चांगलं नाव ठेवलंय, पण घरात सगळे छबीच म्हणतात.

सासऱ्यांनी जाहीर केलंय की नातीची बाबागाडी तेच घेणार. लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये उमेदीची वर्षं काढलेला माणूस. स्वतःची तिन्ही पोरं सायकलच्या दांडीवर टॉवेल गुंडाळून बसवली आणि सबंध सोलापूर फिरवलं. आता नातीच्या वेळेला मात्र म्हणतात, "पैशाचं तू बघू नको, गाडी झोकात दिसली पाहिजे." माझ्या आईचं वेगळंच. "बाबागाडी कशाला गं? मांड्या काय झिजल्यात आमच्या?" नवरा रोज रात्री मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. त्यातली बाई एका झटक्यात गाडी मिटवते, पर्ससारखी खांद्याला लावते आणि विमानात चढते. आम्हाला चढायचाय तिसरा मजला.

तीच खरी अडचण आहे. बिल्डिंगला लिफ्ट नाही. पायऱ्या मोजल्यात मी, एकोणपन्नास. दुसऱ्या वळणावर कुणीतरी तुळशीच्या दोन कुंड्या आणि एक मोडकी सायकल ठेवलीय, तिथून एका वेळी एकच माणूस जातं. माझं सिझर झालंय, जड उचलायला अजून परवानगी नाही. खाली पार्किंगमध्ये आमची ॲक्टिव्हा आणि बाकीच्यांची भाऊगर्दी. चारचाकी नाही, लागलीच तर दिराची.

वापर म्हणाल तर सकाळी कंबर तलावाच्या बाजूला फेरी (पाटीवर धर्मवीर संभाजी तलाव आहे, पण घरात अजून कंबर तलावच), संध्याकाळी कॉलनीत एक चक्कर, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याची लस, आणि कधीतरी रेल्वेने पुण्याला नणंदेकडे. तुळजापूरला देवीच्या पायावर घालायचीय ती वेगळीच. तिथल्या पायऱ्या गाडी घेऊन उतरायच्या या कल्पनेनेच आईला घाम फुटला.

नवी पेठेत दोन दुकानं पालथी घातली. पहिल्यात साडेतीन हजाराची, छत्रीसारखी मिटणारी. दुकानदार म्हणाला, "सगळे हीच नेतात." दुसऱ्यात बारा हजाराची. तिला चहाचा कप ठेवायला जागा आहे, मोबाइल ठेवायला जागा आहे, आणि बाळाची जागा जरा चिंचोळीच वाटली. वजन विचारलं तर, "हलकीच आहे ताई, ॲल्युमिनियम आहे." उचलून बघितली. रिकाम्या सिलिंडरची आठवण झाली.

आता घ्यावी की छबी बसायला लागेपर्यंत थांबावं? हलकी घ्यावी की दणकट? आणि आपल्या रस्त्यांवर, म्हणजे जिथे आज पाइपलाइन, उद्या ड्रेनेज, परवा केबल, तिथे ही चाकं चालतात तरी का? ज्यांनी खरोखर वापरलीय त्यांनी सांगा.


विजापूर_वेस:

ताई, कशाला विचारूलालाव? आमच्याकडं हाय की एक. गॅलरीत. सध्या तिच्यावर बायको सांडगे वाळवूलालीय. पोरगं चार वेळा बसलं, पाचव्यांदा बोंबलून उतरलं, ते काय परत बसलं नाही. हवी तर घेऊन जावा, सांडगे तेवढे ठेवा.


टॉवेलवाला:

वरच्या भाऊंचं खोटं नाही. पण त्यांच्या पोराने बोंब का मारली ते गाडी बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर फिटर आहे. चाक, बेअरिंग, रिबीट यातच दिवस जातो. तरी बाबागाडी घेताना येड्यासारखा फसलो, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिली घेतली तेव्हा पोरगं दोन महिन्यांचं. तुम्ही सांगताय तीच जात, छत्रीसारखी मिटणारी. साडेपाच किलो, एका हातात उचलली की झालं. घरी आणून पोराला ठेवलं, पट्टा लावला, फोटो काढला. फोटो काढेपर्यंतच ते घसरत खाली आलं. पाठ धनुष्यासारखी वाकली आणि हनुवटी छातीला टेकली. बायको ओरडली तेव्हा माझं लक्ष गेलं, मी फोटोच बघत बसलो होतो. त्या गाडीची पाठ मागे जायची म्हणजे आरामखुर्चीइतकीसुद्धा नाही. खाली नुसतं ताणलेलं कापड, आधार काही नाही. बसायला लागलेल्या पोराची गाडी होती ती. खोक्याच्या बुडाला बारीक अक्षरात "सहा महिन्यांपुढे" असं छापलेलंही होतं. दुकानदाराने सांगितलं नाही आणि मी वाचलं नाही. परत द्यायला गेलो तर म्हणाला, चाकाला माती लागलीय.

दुसऱ्या वेळी दुकानात जाताना पाच किलो ज्वारी घेऊन गेलो. हसू नका. मालदांडी, सासरवाडीची. पिशवी टॉवेलात गुंडाळली, गाडीत आडवी झोपवली, पट्टे लावले आणि दुकानभर फिरवली. मालक चष्म्यावरून बघत होता. रिकामी गाडी दुकानातल्या फरशीवर पळतेच हो, वजन पडलं की खरे रंग दिसतात. एकीचं पुढचं चाक थरथरायला लागलं. दुसरी एका हाताने ढकलली की आपोआप डावीकडे जायची, म्हणजे एका हातात पिशवी असली की गाडी गटाराकडे. तिसरी सरळ चालली. तेवढ्यावर न थांबता मालकाला विचारून ती बाहेर पेव्हर ब्लॉकवर नेली आणि चालवताना एक हात ज्वारीवर ठेवला. धक्का किती वर येतो ते हाताला कळतं. एका गाडीत दाणे पिशवीत अक्षरशः नाचत होते. जी घेतली तिच्यात नुसते हलले.

चाकाचं साधं गणित सांगतो. चार-पाच इंचाचं चाक फटीत किंवा ड्रेनेजच्या झाकणाच्या कडेला अडकतं. गाडी जागेवर थांबते, पण आतलं बाळ पुढेच जातं. चाक मोठं असलं की ते कडेवर चढून निघून जातं. पुढची चाकं सात इंचाची आणि मागची त्याहून मोठी असली तर आपल्याकडे चालेल. पुढची चाकं गोल फिरतात, त्यांना सरळ धरायची कळ असते. खडबडीत रस्ता आला की ती लावायची. चाकं हवेची असतील तर पंक्चर आलंच, आणि विजापूर रोडच्या कडेला बाभळीचे काटे कमी नाहीत. भरीव फोमची बरी.

ब्रेक एकाच पायटीने मागच्या दोन्ही चाकांना लागला पाहिजे. आणि तो चप्पल घालून लावून-सोडून बघा. उन्हाळ्यात आपण बूट घालणार आहोत का? काही गाड्यांत ब्रेक दाबून लागतो पण सोडताना पायाने वर उचलावा लागतो. उघड्या अंगठ्याने एकदा उचला, नख सांगेल. दाबला की लागला, परत दाबला की सुटला, असा घ्या.

दांडी तुमच्या आणि मिस्टरांच्या दोघांच्या उंचीला बसते का ते बघा. उघडताना "खट" असा आवाज येऊन कुलूप बसलं पाहिजे, आणि एक कुलूप चुकून सुटलं तरी दुसऱ्याने धरलं पाहिजे. सांध्यांची रिबिटं हाताने हलवून बघा. दुकानातच ढिली असली तर सहा महिन्यांनी खुळखुळा होणार. मिटता-उघडताना बाळ लांब, त्या सांध्यांत बोट सापडतं.

राहिला जिना. पाठ पूर्ण आडवी होणारी गाडी आठ ते दहा किलोची भरते, त्याहून हलकी आणि दणकट हवी तर खिसा मोठा लागतो. बाळ आत ठेवून गाडी जिन्यावरून उचलायची नाही, दोघांनी दोन बाजूंनी धरली तरी नाही. म्हणून गाडी रात्री कुठे राहणार ते आधी ठरवा, मग कोणती घ्यायची ते.


छबीची_आई:

टॉवेलवाले दादा, ज्वारीची आयडिया घरात वाचून दाखवली. सासरे उठून डबाच घेऊन आले. म्हणाले, छबीचं वजन चार किलो आठशे, दोनशे ग्रॅम जास्तीच बरी, दुपटं-टोपडं धरून.

जिन्याखाली मीटरच्या पेट्या आहेत आणि त्यांच्या शेजारी एक कोनाडा. टेपने मोजला. रुंदी बासष्ट सेंटिमीटर, आत ऐंशी. सध्या तिथे तळमजल्यावरच्या काकूंच्या रद्दीचा गठ्ठा आणि एक पाण्याचा जुना ड्रम आहे. काकूंशी बोलायचं धाडस अजून झालेलं नाही. मागे मी त्यांच्या दारासमोर ॲक्टिव्हा लावली होती, ते प्रकरण अजून ताजं आहे.


निवृत्त_सिस्टर:

बाळाच्या आई, टॉवेलवाल्यांनी हनुवटीचं जे सांगितलं ते नुसतं गैरसोयीचं म्हणून सोडून देऊ नकोस. मी बालरोग विभागात तीस वर्षं काढली. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, मानेत बळ नसतं आणि श्वासनलिका बारीक. मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते, आणि बाळ रडून सांगतं असंही नाही, गप्पच होतं. म्हणून आत्ता घ्यायची असेल तर पाठ सपाट, निदान जवळजवळ सपाट होणारीच. उताणं झोपवायचं. बाळ आपलं आपण बसायला लागतं साधारण सहा महिन्यांनी, तोवर पाठ उभी करायची घाई नको. आजी-आजोबांना फार घाई असते, "बघू दे की तिला रस्ता." सहा महिन्यांनी बघेल.

तोंड आपल्याकडे करता येणारी गाडी मिळाली तर पहिले काही महिने तशीच वापर. ढकलताना चेहरा दिसतो, श्वास दिसतो.

पट्टा पाच जागी धरणारा हवा, दोन खांदे, दोन कमरेच्या बाजू आणि एक मांड्यांमधून. मधला नसला की बाळ खालून सरकतं. पट्ट्याखाली आपली दोन बोटं जातील इतपत सैल. मोहरीची उशी गाडीत नको, ती घरी मांडीवर ठीक. गादी जाड करायला म्हणून गोधडीच्या घड्या घालतात, त्याही नकोत. त्या सरकतात आणि तोंडावर येतात.

सोलापूर म्हणून खास सांगते. आत्ता फेब्रुवारीतच दुपारी चटका बसतोय. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा डांबराची धग खालून येते आणि बाळाची जागा रस्त्यापासून जेमतेम दीड-दोन फुटांवर असते. आपल्याला चेहऱ्यावर वारा लागतो, तिला खालची वाफ. सकाळी आठच्या आत घरी. आणि ऊन लागू नये म्हणून छतावरून दुपटं किंवा ओढणी सोडतात ना, ते अजिबात करायचं नाही. आत हवा खेळत नाही, भट्टी होते, आणि बाळ आपल्याला दिसतही नाही. जाळीची खिडकी असलेलं मोठं छत घे. मानेमागे हात घालून बघत जा, घाम असेल तर सावलीत थांब. गाडी उन्हात उभी राहिली असेल तर बकल आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायचं.

हँडलला पिशव्या टांगायच्या नाहीत. बाळ उचललं की वजन मागे जातं आणि गाडी पाठीवर आडवी होते. सामानाची टोपली खाली असते, ती वापर.

अजून एक. बाबागाडी घेतेस ते ठीक, पुढे सहा-सात महिन्यांनी कुणीतरी हौसेने चाकाचा वॉकर आणेल, तो गोल, मध्ये बसायचा. तो परत पाठव. त्यात बसून बाळं जिन्यावरून गडगडतात. कॅनडात २००४ पासून त्याच्यावर बंदीच आहे. तुझ्या घराबाहेर एकोणपन्नास पायऱ्या आहेत.

आणि लसीला ॲक्टिव्हावर मांडीत घेऊन जाऊ नकोस गं. रिक्षा कर.


छबीची_आई:

सिस्टर, ॲक्टिव्हाचं कसं ओळखलंत? सहाव्या आठवड्याच्या लसीला तसेच गेलो होतो. परत नाही. सासरे तर आता त्यांच्या सायकलच्या दांडीबद्दल काही बोलतच नाहीत.


हुतात्मा_एक्सप्रेस:

ॲक्टिव्हावरून आठवलं. फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे, चार वर्षांखालचं मूल दुचाकीवर असेल तर त्याला चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपुढच्याला हेल्मेटही, वेग ताशी ४० च्या आत. तुमची तर नऊ महिन्यांचीही नाही, तेव्हा दुचाकी नकोच.

दिराच्या गाडीतून तुळजापूरला जाल तेव्हा बाबागाडी डिकीत आणि बाळ मांडीवर असं करू नका, बाळाची वेगळी कार सीट लागते, मागच्या सीटवर, तोंड मागे करून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाळाची सीट नसेल तर एक हजार दंड कायद्यात आहे. पकडतात की नाही ते सोडा. बाबागाडीवर बसणारी कार सीट मिळते, दोन्हींचा जोड असलेले संचही मिळतात, पण ते जड आणि महाग. महिन्यातून एकदा चारचाकीत बसणाऱ्या घराला परवडत नाहीत.

रेल्वेचं म्हणाल तर पुण्याला गाडी नेऊच नका. नणंदबाईंच्या सोसायटीत एखादी पडून असणार. पुण्यात प्रत्येक पार्किंगमध्ये असते.


बाळीवेस:

सेकंडहँड बघा की. लोक आठ-नऊ महिन्यांत कंटाळतात, निम्म्याच्या आत मिळते. मी तशीच घेतली. फक्त पट्ट्याची शिवण, बकल, ब्रेक आणि सांधे बघून घ्या, कापड उसवलेलं असलं तर आपल्या गल्लीतला शिंपी करतो. कार सीट मात्र अनोळखी माणसाकडून जुनी घेऊ नका, तिने अपघात बघितलाय की नाही ते वरून कळत नाही.

माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, दुसऱ्याच्या बाळाची गाडी, दृष्टबिष्ट असेल. मीठ-मोहरी ओवाळून चूल दाखवली. चाकं पण ओवाळली.


पिंपरीची_सोलापूरकर:

माहेर भवानी पेठेत, सध्या पिंपरीत, चौथा मजला, लिफ्ट महिन्यातले दहा दिवस बंद. माझा अनुभव असा की जिना आणि रस्ता हे दोन वेगळे विषय आहेत. जिन्याला अंगावर बांधायची कापडी झोळी, रस्त्याला बाबागाडी. बाळ छातीशी बांधून दोन्ही हात मोकळे ठेवून उतरायचं, एक हात कठड्याला. गाडी खालीच.

पण तान्ह्याला आधार देणारी घ्या, तोंड आपल्याकडे. बाळाचा चेहरा सतत दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकायला नको (इथेही तेच), कपाळ आपल्या ओठांना टेकेल इतक्या उंचीवर. गुडघे बुडापेक्षा वर, बेडकासारखे. पाय सरळ लोंबणारी झोळी नको, खुब्याला वाईट. सिझर झालंय तर किती दिवसांनी बांधायची ते डॉक्टरांना विचारा, गाठ टाक्यांवर यायला नको. आणि उकाड्यात दोघींना घाम येतो, जिन्यापुरतीच ठेवा.


साखर_पेठ:

आम्ही सत्तरी ओलांडलेले. या विषयात आम्हाला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो.

आमच्या लहानपणी गल्लीत एकाच घरी बाबागाडी होती. वेताची, मोठ्या लोखंडी चाकांची, वर ताडपत्रीचं छत. सावकाराच्या नातवाची. तो नातू मोठा झाला तरी गाडी गेली नाही. दिवाळीत तिच्यातून फराळाची ताटं जायची आणि पावसाळ्यात शेणी. आम्हाला पांगुळगाडा मिळाला, सुताराने केलेला, तीन लाकडी चाकांचा. तो मात्र बाळाने स्वतः उभं राहून ढकलायचा. सिस्टर म्हणतात तो वॉकर आणि पांगुळगाडा एक नव्हे. त्यात बसता येत नाही, पडलं तर जागेवर पडतं.

ती छत्रीसारखी मिटणारी गाडी सगळ्यांनी इतकी नावाजली किंवा नावं ठेवली म्हणून सांगतो. ती काढली ओवेन मॅक्लारेन नावाच्या इंग्रज इंजिनिअरने, १९६५ साली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या दांड्यांवर त्याने काम केलेलं. विमान उडालं की चाकं दुमडून पोटात जातात, ती विद्या त्याने नातवंडाच्या गाडीला लावली. लेकीची अवजड गाडी बघून म्हणे. त्याची गाडी सहा पौंडांची होती, म्हणजे पावणेतीन किलो. साठ वर्षं होऊन गेली, मधल्या काळात ॲल्युमिनियम स्वस्त झालं, प्लास्टिक आलं, आणि आजची नवी गाडी नऊ किलोची. कप ठेवायला जागा केली की वजन वाढणारच.

आजोबांना घेऊ द्या गाडी. रंग तेवढा तुम्ही ठरवा, नाहीतर लाल आणतील.


टॉवेलवाला:

आजोबा, पावणेतीन किलोत पाठ आडवी होत नव्हती ना. ते वजन तिथेच जातं. पाठीच्या पट्ट्या, मोठी चाकं, स्प्रिंगा.

ताई, एक आमच्या धंद्यातलं सांगायचं राहिलं. या गाड्यांची सीट पॉलिस्टरची असते, घाम पीत नाही. बाळाच्या पाठीला पुरळ येतं. पातळ टेरी टॉवेल घ्या, जाड हॉटेलवाला नको. सीटच्या लांबीचा कापून कडा शिवून घ्या, पट्टे जातात तिथे काजासारख्या चिरा, आणि चार कोपऱ्यांना नाड्या लावून मागे बांधा म्हणजे सरकणार नाही. दोन करा, एक वाळत असताना एक. सोलापुरी टॉवेलला आणि चादरीला जीआय मानांकन आहे, दुनिया इथून नेते, आणि आपण पोराला पॉलिस्टरवर झोपवायचं? नवा टॉवेल आधी दोन पाण्यातून काढा, पहिल्या धुण्यात तंतू सुटतात.


छबीची_आई:

तीन आठवड्यांनी लिहितेय. गाडी आली.

पाच किलो ज्वारी घेऊन आम्ही तिघं नवी पेठेत गेलो, मी, नवरा आणि सासरे. छबी आईकडे. दुकानदाराने पिशवी बघून आधी विचारलं, "दळण इथं नाही हो, पुढच्या गल्लीत." मग सगळं सांगितलं. पहिल्या दुकानात ज्वारी झोपवल्यावर गाडीचा मागचा ब्रेक लागेचना, मालकाचा मुलगा म्हणाला, नवीन आहे म्हणून कडक आहे. दुसऱ्यात चार गाड्या फिरवल्या. बारा हजारवालीची दांडी नवऱ्याला चालली, मला छातीवर यायची. शेवटी घेतली ती साडेनऊ हजाराची, साडेआठ किलो, पाठ पूर्ण आडवी होते, तोंड दोन्ही बाजूंना फिरवता येतं, पुढची चाकं सात इंची. कप ठेवायला जागा नाही. सासऱ्यांनी सगळ्या सांध्यांवर बोट दाबून बघितलं, अगदी मिलमध्ये माग तपासायचे तसं, आणि एका रिबिटाकडे बघून म्हणाले, "हे बरोबर नाही." मालकाने गोदामातून दुसरा नग काढून दिला. रंग राखाडी. लाल शिल्लक नव्हता, नाहीतर आजोबा, तुमचं भाकीत खरं ठरलं असतं.

आईने टॉवेलचे दोन तुकडे शिवले. पट्ट्याच्या चिरा पहिल्या वेळेला चुकीच्या जागी पडल्या, तो तुकडा आता छबी नाहायला घेतल्यावर वापरतो.

कोनाड्याचं सांगते. तळमजल्यावरच्या काकूंकडे मी घाबरतच गेले, सोबत शेंगाचटणीची पुडी. त्यांनी चटणी ठेवून घेतली आणि काही बोलल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर रद्दी गेलेली, ड्रम गेलेला, आणि कोनाडा झाडून पुसून ठेवलेला. सासऱ्यांनी साखळी-कुलूप लावलं. मिटलेली गाडी उभी राहते, बासष्ट सेंटिमीटरमध्ये बसते, दोन बोटं जागा उरते.

जिन्याला झोळी. डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या आणखी दोन आठवडे तुम्ही नको, मिस्टरांना बांधू दे. तो बांधतो. वळणावर कुंड्यांपाशी थांबून तुळशीला पाय लागू नये म्हणून आडवा होऊन जातो, छबी पोटाशी, दोन्ही हात कठड्याला. विमानात चढणाऱ्या बाईचे व्हिडिओ त्याने बघायचे सोडलेत.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. गेटपर्यंत छबी डोळे टक्क उघडे ठेवून छताच्या जाळीकडे बघत होती. रस्त्यावर खोदून बुजवलेला पट्टा आहे ना, तिथे गाडी गडगडायला लागली आणि मला वाटलं आता भोकाड पसरणार. तिथेच झोपली. तेव्हापासून तिला झोपवायचं असलं की सासरे त्याच पट्ट्यावरून चार वेळा इकडून तिकडे करतात. महापालिकेने तो आता दुरुस्त करू नये असं त्यांचं म्हणणं आहे.

विजापूर_वेस भाऊ, तुमच्या पोराला एकदा खडबडीत रस्त्यावर नेऊन बघा, सांडगे उतरवून.

काल संध्याकाळी फेरी मारून आलो. छबीला वर नेलं आणि मी गाडी पुसत होते, तर काकू दारात येऊन उभ्या. गाडीकडे बघितलं, खालच्या टोपलीकडे बघितलं.

"सकाळी आठनंतर रिकामीच असते ना ही?"

"हो."

"मग माझं दळण आणू का हिच्यातून? पाचच किलो असतं."